वामन, पेट्रोल तू विकलं नव्हतंस

फ्लोट माझ्या हातून पडला होता, वामन. फरशीवर पडला, आणि तो शोधायला मी मागे सरलो तेव्हा त्याच्यावर माझाच पाय पडला. त्या संध्याकाळी तू हात धुऊन ओसरीवर आलास आणि विचारलंस, "झाली का साफसफाई?" मी म्हणालो, "झाली." तिथे खरं बोललो असतो तर आज हे लिहायची पाळी आली नसती.

हे छापून येईल तेव्हा वाचणाऱ्या सगळ्यांना मोटारीची माहिती असेल असं नाही, म्हणून थोडं सांगतो. तू कंटाळशील. नेहमीच कंटाळायचास. इंजिनाला पेट्रोल पुरवणारा जो कार्ब्युरेटर असतो, त्यात एक वाटी असते. वाटीतल्या पेट्रोलवर पितळेची एक पोकळ डबी तरंगते, तो फ्लोट. पेट्रोल पुरेसं भरलं की फ्लोट वर येतो, एक सुई दाबतो आणि येणारं पेट्रोल थांबवतो. पाण्याच्या माठात तरंगणारा पेला जर माठ भरल्याबरोबर नळ बंद करू लागला, तर तसं. एवढीशी वस्तू, पण मोटार किती पिणार ते तीच ठरवते.

चालवणं तुझं आणि उघडणं माझं, हा आपला करार होता. भिंगारच्या कॅम्पातून विलायतेला निघालेल्या एका साहेबाची ही जुनी मोटार आपण दोघांनी मिळून घेतली तेव्हाच तो ठरला. तू डॉक्टर, तुला खेडोपाडी जायचं. मी शाळेत विज्ञान शिकवणारा, मला तिच्या पोटात डोकं घालायचं. तिच्या नखऱ्यांवरून तू तिचं नाव आत्याबाई ठेवलंस. आत्याबाईंचा कुठलाही भाग मी उघडला की तू पाठीमागे उभा राहून म्हणायचास, "गोप्या, पेशंट जगेल ना?" आणि मी म्हणायचो, "तुझ्या पेशंटांपेक्षा जास्त जगेल." म्हणून फ्लोट चेमटला आणि त्याला चीर पडली तेव्हा मला ते तुला सांगवलं नाही. माझ्या हातून पेशंट दगावला होता.

लढाई चालू होती. सुटा भाग मागवायचा तर कुठून? मी रुमालात गुंडाळून फ्लोट तांबटाकडे नेला.

"काय मास्तर, अत्तरदाणी का?"

"मोटारीचं आहे. चेमटलेलं सरळ करा, चीर बुजवा. गळता कामा नये."

"माझा डाख गळतोय होय? भांडं झिजून जाईल, डाख तिथंच राहील. लेकीला आंदण द्याल."

त्याने त्याच्या धर्माप्रमाणे काम केलं. घागरीला द्यावा तसा कथील-शिसं वितळवून भरगच्च डाख दिला. बोराएवढा तो गोळा पाहून मला समाधानच वाटलं. घरी येऊन मी फ्लोट गरम पाण्यात बुडवला. एकही बुडबुडा आला नाही. गळत नाही, म्हणजे दुरुस्त झाला. मी तो बसवला आणि विसरून गेलो.

त्यानंतर आत्याबाई पेट्रोल ढोसू लागल्या.

ते दिवस तुला आठवत असतील असं लिहिणार होतो, तेव्हा ध्यानात आलं की आता तुला काही आठवत नाही. रेशनिंग लागलं होतं. डॉक्टर म्हणून तुला जादा कुपनं मिळायची. पंपावरून पेट्रोल मी आणायचो, कारण तू दवाखान्यात अडकलेला असायचास. पूर्वी जेवढ्या पेट्रोलमध्ये तू पाथर्डीला जाऊन परत यायचास, तेवढ्यात आता कसाबसा जाऊन पोचत होतास. पहिल्यांदा आपण दोघेही हसलो. तू म्हणालास, "म्हातारपणी तहान वाढते, मधुमेह असेल. लघवी तपासतो तिची."

मी पद्धतशीर तपास सुरू केला. चाकं उचलून हाताने फिरवून पाहिली, ब्रेक कुठे घासत नव्हता. टायरमधली हवा बरोबर होती. पेट्रोलच्या नळीच्या प्रत्येक सांध्याला साबणाचा फेस लावला. प्लग काढले तर चुलीवरच्या तव्याच्या बुडासारखे काळे. काळे प्लग म्हणजे इंजिनाला पेट्रोल जास्त जातंय, हे मला कळत होतं. ते का जातंय, याचं उत्तर मी तुझ्यात शोधलं.

"चोक ओढून ठेवतोस तू," मी म्हणालो. थंड इंजिन चालू होताना जास्त पेट्रोल देण्यासाठी जी तार ओढतात, ती.

"मी कशाला ओढू? आत्याबाई हल्ली एका हाकेला उठतात. भल्या सकाळच्या थंडीत सुद्धा."

तू मला उत्तरच दिलं होतंस, वामन. जिला आधीच जास्त पेट्रोल मिळतंय तीच मोटार थंडीत चोकशिवाय एका हाकेला उठते. शहाणा माणूस तिथे थांबला असता. मी म्हणालो, "मग उतारावर इंजिन बंद करायचं सोडलंस वाटतं." त्यावरून आपला जुना वाद पुन्हा पेटला. घाट उतरताना इंजिन बंद करून गाडी नुसती सोडावी, पेट्रोल वाचतं, असं तुझं म्हणणं. ब्रेक झिजतात आणि एक दिवस मान मोडून घेशील, असं माझं. त्या दिवशीही तो तुटला नाही. जिथे सोडला तिथेच आहे.

सगळे तपास संपल्यावर मी वाचनालयाच्या ओट्यावर, जिथे आपण संध्याकाळी बसायचो, नाना वकिलांपुढे हे गाऱ्हाणं गायलो. तू नव्हतास. नानांनी पान जुळवलं, तोंडात टाकलं आणि म्हणाले, "मास्तर, यंत्र तपासून झालं ना? आता माणूस तपासा. डॉक्टरी कुपनं म्हणजे हल्ली दुभती म्हैस."

मला तेव्हा राग यायला हवा होता. तो आला नाही. मला बरं वाटलं, कारण माझ्या तपासाला उत्तर मिळालं.

आणि एकदा संशय घ्यायचा ठरवल्यावर माल हवा तेवढा होता. तू सुप्याकडे पेशंट आहे असं घरी सांगून कुस्त्या पाहायला जायचास, मला ते ठाऊक होतं. तू पत्त्यांत लबाडी करायचास आणि पकडला गेलास की आणखी मोठ्याने हसायचास. जो बायकोला आणि पत्त्यांत फसवतो, त्याला दोन डबे पेट्रोल काय जड, असं मी मनाशी बोललो. माझ्या मुलीला, सुधाला, विषमज्वर झाला होता तेव्हा तू आमच्या माजघरात घोंगडी टाकून राहिला होतास, हे त्या हिशेबात मी घेतलं नाही.

मी एक प्रयोग करायचं ठरवलं. शाळेत करतो तसा.

पेट्रोलचे डबे मी माझ्या कोठीत ठेवून कुलूप लावलं आणि तुला सांगितलं, आजपासून लागेल तेवढं मी ओतून देईन. तू म्हणालास, "कोठीच्या किल्लीसाठी तुझ्या पाया पडायचं का रोज?" तरी मान्य केलंस. नंतरच्याच आठवड्यात करंजी घाटापलीकडच्या वाडीवरून मच्छिंद्र नावाचा तरणा शेतकरी आला. बायको बाळंत झाली होती, मूल ठीक होतं, पण रक्त थांबत नव्हतं. सर्व्हिस मोटारीने आला होता, अंगावर सदरा उलटा होता.

"डागतर, चला. सुईन म्हन्ती तिच्या हातातलं न्हाई ऱ्हायलं."

तू बॅग घेतलीस. मी कोठी उघडली. आत्याबाई चांगल्या होत्या त्या काळी वाडीवर जाऊन यायला जेवढं पेट्रोल लागायचं, तेवढंच मी मापून ओतलं. जादा डबा दिला नाही.

"गोप्या, एक डबा मागं टाक."

"एवढं पुरतं. पूर्वी पुरायचं."

"पूर्वी. हल्ली पुरत नाही हे तूच बोंबलतोस ना?"

"पुरायला पाहिजे," मी म्हणालो.

तू माझ्याकडे पाहिलंस. प्रयोग कसला आहे ते तेव्हा तुला कळलं असावं. पण मच्छिंद्र पायरीवर उभा होता आणि तुला भांडायला वेळ नव्हता. तू हँडल मारलंस, आत्याबाई एका हाकेला उठल्या, तुम्ही गेलात.

गाडी घाटाच्या अलीकडेच बंद पडली. म्हणजे तिने माझ्या समजुतीपेक्षाही जास्त पेट्रोल खाल्लं. तू आणि मच्छिंद्र बॅग घेऊन घाट पायी ओलांडून गेलात. पोचलात तेव्हा ती बाई गेली होती. लवकर पोचला असतास तर वाचली असती का, हे तू मला कधी सांगितलं नाहीस. मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी तू वाचनालयाच्या ओट्यावर आलास, तो तसाच मातीने भरलेला. नाना होते, आणखी चारपाच माणसं होती. तू उभ्यानेच म्हणालास, "गोपाळ, गाडी घाटाशी उभी आहे. पेट्रोल संपलं. बाई गेली."

आयुष्यात तू मला गोपाळ म्हणालास ते तेव्हा पहिल्यांदा. आणि मी काय म्हणालो ते इथे लिहिल्यावाचून या लेखाला काही अर्थ नाही. मी म्हणालो, "मग विकलेलं पेट्रोल परत मागून आणायचं होतंस."

नाना हसले. फार नाही, नाकातून.

"वाटेत विकलं मी?" तू म्हणालास. "कुणाला? मेंढरांना?"

"आजचं मला माहीत नाही. पण आजवरचं गेलं कुठे ते सांग."

तू ओट्यावरच्या सगळ्यांकडे एकेक करून पाहिलंस. यांच्यापैकी कुणाच्या घरी तू उशाशी बसला नव्हतास? एकानेही मान वर केली नाही. तू वळलास आणि पायी गेलास. गाडी ओढून आणायला मी माणसं पाठवली.

ओट्यावरची गोष्ट ओट्यावर राहत नाही. बाजाराच्या दिवशी ती भाजीबरोबर खेड्यांत गेली. मच्छिंद्र तुझ्या दवाखान्यात आला तेव्हा मी तिथे होतो. तू माझ्याशी बोलत नव्हतास, पण सुधाचं औषध न्यायला मला यावं लागलं होतं. तो दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. आवाज चढवला नाही.

"डागतर, लोक म्हन्त्यात तुमी पेट्रोल इकलं, म्हून गाडी बंद पडली. खरं हाय व्हय?"

"नाही."

"मंग कसं संपलं?"

तुला माहीत नव्हतं, वामन. म्हणून तू म्हणालास, "माहीत नाही." जगातलं सगळ्यात खरं उत्तर, आणि ऐकायला सगळ्यात खोटं. माझ्याकडे पाहिलंस. मी बाटलीचं बूच घट्ट करत होतो.

रेशनिंगच्या कचेरीत कुजबुज पोचली आणि तुझी जादा कुपनं बंद झाली. मी तिथे जाऊन काही बोललो नाही, हे खरं आहे. तिथल्या कारकुनाने, माझ्याच जुन्या विद्यार्थ्याने, मला रस्त्यात विचारलं, "सर, डॉक्टरांविषयी जे ऐकतो ते…" आणि मी म्हणालो, "तुम्ही तुमचं काम करा." हेही तितकंच खरं आहे.

गाडी माझ्या आवारात राहिली. तू सायकल घेतलीस.

त्यानंतर काही महिन्यांनी मी वर्गात तरंगण्याचा नियम शिकवत होतो. दरवर्षी करतो तो प्रयोग. बूच लावलेली रिकामी बाटली पाण्यात सोडायची, ती उंच तरंगते. मग थोडी वाळू घालायची, ती खोल बसते. "पाहा," मी मुलांना म्हणालो, "बाटली तीच आहे, गळत नाही, फुटली नाही. वजन वाढलं, म्हणून खाली बसली." आणि माझं पुढचं वाक्य तोंडातच राहिलं. मुलं वाट पाहत राहिली. तांबटाचा बोराएवढा गोळा मला त्या बाटलीच्या बुडाशी दिसला.

घरी येऊन मी कार्ब्युरेटर उघडला. वाडग्यात पेट्रोल ओतून फ्लोट सोडला. तो जवळजवळ बुडूनच तरंगत होता. डाखाने जड झालेला फ्लोट वेळेवर वर येत नव्हता, सुई बंद करत नव्हता, आणि वाटी ओसंडेपर्यंत भरून पेट्रोल इंजिनात वाहत होतं. गळती कुठेच नव्हती. आत्याबाई जे पीत होत्या ते मीच त्यांना पाजत होतो. मी कानस घेऊन डाख घासत बसलो, पापुद्र्याएवढा राहिला तेव्हा थांबलो. फ्लोट बसवला. खासगी गाडीची जी थोडी कुपनं मिळायची त्यावर फिरवून पाहिली. आत्याबाई पूर्वीसारख्या चालल्या.

त्या संध्याकाळी मी तुझ्याकडे यायला निघालो होतो. वाटेत वाचनालय लागतं. नानांनी हाक मारली.

"मास्तर, गाडी काढलीत म्हणे? कशी आहे?"

"ठीक आहे. पूर्वीसारखं ॲव्हरेज देते."

"देणारच!" नानांनी मांडीवर थाप मारली. "ड्रायव्हर बदलला ना! ऐका हो सगळे, मास्तरांकडे आल्याबरोबर गाडीची तहान भागली."

सगळे हसले. आणि वामन, मीही हसलो. तुझं निर्दोषपण माझ्या हातात होतं, त्याचाच त्यांनी तुझ्यावरचा पुरावा केला, आणि मी तो करू दिला. तुझ्याकडे आलो नाही. उद्या जाऊ असं म्हणालो. उद्या गेलं, महिना गेला, लढाई संपली.

का गप्प बसलो ते मी फार शोधलं. भीती होती असं म्हणणं सोयीचं आहे, पण कुणाची भीती? तू मला मारणार नव्हतास. मला बरोबर असण्याची सवय लागली होती, एवढंच सापडतं. तू सायकलवरून उन्हात भिंगारकडे जाताना मला दिसायचास. मी छत्री थोडी खाली करायचो.

काही वर्षांनी, तुझ्या पायांना सूज आहे, तू अंथरुणाला खिळला आहेस, असं कळलं तेव्हा मी आलो. दार वहिनींनी उघडलं. पूर्वी "या भावजी" म्हणायच्या. आता म्हणाल्या, "या मास्तर. झोपलेत. जागे झाले तर बोला." तू जागाच होतास. उशांना टेकून बसला होतास, श्वास आडवं होऊ देत नव्हता.

मी सगळं सांगितलं. पडलेला फ्लोट, तांबट, कानस, नानांची थाप. तू मध्ये एकदाच बोललास.

"केवढा होता डाख?"

"बोराएवढा."

तू हसायला लागलास. हसता हसता खोकला आला, वहिनी धावत आल्या, तू त्यांना हाताने परत पाठवलंस. म्हणालास, "तुझ्या पेशंटच्या अंगात पाणी झालं होतं, गोप्या. मला झालंय तसं. आणि तू त्याला काजळी पुसायची औषधं देत बसलास." मग हसू एकदम थांबलं. तुझा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता.

"केव्हा कळलं तुला?"

मी सांगितलं.

"म्हणजे मी सायकल घेतली तेव्हा…"

"घेऊन काही महिनेच झाले होते."

तू पांघरुणाची किनार मुडपलीस. मला वाटलं आता शिवी देशील, दिली असतीस तर मी ती आनंदाने घेतली असती. तू म्हणालास, "माफीबिफी मला मागू नकोस. माझ्याकडे आता ठेवायला जागा नाही. मच्छिंदरकडे जा. त्याची पोर मोठी होतेय, तिला सांगत असेल तो, तुझी आई कशानं मेली ते. मी जिवंत आहे तोवर जा. मेल्यावर गेलास तर लोक म्हणतील मेलेल्याला बरं म्हणायची रीत आहे."

"रविवारी जातो," मी म्हणालो.

त्या रविवारी सर्व्हिस मोटारीत जागा मिळाली नाही. मिळाली असती, मी उशिरा गेलो. पुढच्या रविवारी परीक्षेचे पेपर होते. त्यानंतर तू मला बोलावलंस. बोलणं तुटक झालं होतं.

"जाऊन… आलास?"

आणि मी म्हणालो, "हो."

"काय म्हणाला?"

"रडला. म्हणाला, डॉक्टरांना सांगा, मनात काही ठेवू नका."

"पाणी दिलं तुला?"

मला तो प्रश्न कळला नाही. "दिलं," मी म्हणालो, "गूळही दिला."

"बरं झालं," तू म्हणालास, आणि डोळे मिटलेस. वहिनींनी पदर तोंडाला लावला. त्यांना वाटलं, मी त्यांच्या नवऱ्याला शांत मरण दिलं. दारापर्यंत पोचवायला आल्या आणि म्हणाल्या, "भावजी, उपकार झाले." त्या एका शब्दाने मला त्या घरात परत घेतलं होतं. तू पहाटे गेलास.

तुझ्या दहाव्यानंतर मी ओट्यावर सांगितलं. नानांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जाऊ द्या हो मास्तर. तेव्हा कोण विकत नव्हतं?" मी म्हणालो, तो विकत नव्हता. ते म्हणाले, "बरं, नव्हता." आणि पान पुढे केलं.

मग मी वहिनींकडे गेलो आणि म्हणालो, मी वाडीवर गेलो नव्हतो. त्या तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "मग आता जा," एवढंच म्हणाल्या.

मी गेलो. घाट ओलांडल्यावर उतरून वाडीपर्यंत चाललो. मच्छिंद्र खळ्यावर ज्वारी उफणत होता. कपाळावरचे केस मागे गेले होते. बाजूला एक मुलगी कणसं वेचत होती. मी सांगायला लागलो, त्याने उफणणं थांबवलं नाही. "मी" हा शब्द आला तेव्हा थांबवलं.

"म्हंजी पेट्रोल त्यांनी इकलंच न्हाई."

"नाही."

"आन गाडी तुमी बिगडवली."

"हो. आणि पेट्रोल मोजून मी घातलं. त्यांनी जादा मागितलं होतं, तुमच्यासमोरच."

त्याने सूप खाली ठेवलं. मुलीला म्हणाला, "घरला जा गं," पण ती गेली नाही.

"डागतर दोन येळा आलं हुतं," तो म्हणाला. "सायकलीवर, घाट चढून. पोरीला बगाया आलो म्हनलं. म्या दारात उभा ऱ्हायलो. म्हनलो, आता हितं काय इकाया आनलंय? त्यांनी सायकल वळवली. जाताना पानी मागितलं." त्याने ओठांवरची ज्वारीची कुसं पुसली. "म्या न्हाई दिलं. दुसऱ्या येळंला बी न्हाई दिलं."

तुझा प्रश्न मला तेव्हा कळला, वामन. तुला जे ऐकायचं होतं नेमकं तेच खोटं मी तुझ्यासाठी निवडलं होतं, आणि म्हणून ते जास्त नीच होतं.

"कसं हायेत आता?" मच्छिंद्रने विचारलं.

"गेले."

तो माझ्या अंगावर येईल असं मला वाटलं. आला असता तर मी हललो नसतो. त्याने उधळलेला भुसा पायाने कडेला सारला.

"तुमी मला हितं खळ्यावर एकट्याला सांगताय," तो म्हणाला. "म्या काय एकट्यालाच सांगत फिरलो हुतो का? समद्या वाडीला सांगितलंय. पाव्हन्यारावळ्यांना सांगितलंय. चला पारावर. समद्यांफुडं सांगा."

तो पुढे चालला, मुलगी त्याच्यामागे, मी शेवटी. पारावर पाचसहा माणसं होती, त्याने हाका मारून आणखी गोळा केली, बाया कडेने उभ्या राहिल्या. मच्छिंद्र म्हणाला, "हे नगरचं मास्तर हायेत. डागतरांचं सांगाया आल्यात." आणि बाजूला झाला.

तीस मुलांच्या वर्गात माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो. तिथे तो माझ्याच कानापर्यंत आला नाही. मी फ्लोटचं सांगितलं, डाखाचं सांगितलं, मोजून घातलेल्या पेट्रोलचं सांगितलं. त्यांना फ्लोट म्हणजे काय ते कळत नव्हतं, मी हाताची ओंजळ करून दाखवत होतो. मागून एक म्हातारा ओरडला, "मास्तर, हिकडं काय बी आयकू येईना. मोठ्यानं सांगा, काय झालं त्ये."

तेव्हा मी हात खाली केले, फ्लोट सोडून दिला आणि जमेल तेवढ्या मोठ्याने म्हणालो:

"डॉक्टर वामनरावांनी पेट्रोल विकलं नाही. एक थेंबसुद्धा नाही. त्यांना उशीर माझ्यामुळे झाला. ते चोर आहेत असं मी म्हणालो, ते खोटं होतं, आणि खोटं आहे हे कळल्यावरही मी ते खोटं राहू दिलं. मच्छिंद्र, या मुलीची आई माझ्यामुळे गेली असेल. मी तुमचा अपराधी आहे, तिचा अपराधी आहे, आणि वामनचा आहे. मला क्षमा करा."